ॲथलेटिक बिल्बाओचा इतिहास

ॲथलेटिक क्लब हा स्पेनमधील बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. स्पेनबाहेर तो प्रामुख्याने ॲथलेटिक बिल्बाओ या नावाने ओळखला जातो. १९२९ साली सुरू झालेल्या ला लीगाच्या प्रथम श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले केवळ तीन क्लब आहेत : रेआल माद्रिद, बार्सेलोना आणि ॲथलेटिक. पहिल्या दोघांनी जगभरातून खेळाडू आणले. ॲथलेटिकने मात्र १९१२ पासून केवळ बास्क खेळाडूंनाच संघात स्थान दिले आहे. सुमारे तीस लाख लोकवस्तीच्या प्रदेशातून संघ उभा करून क्लबने आठ वेळा लीगचे आणि चोवीस वेळा कोपा देल रेचे, म्हणजेच राजचषकाचे, विजेतेपद मिळवले. ‘बास्क खेळाडू’ म्हणजे नेमका कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या शतकभरात अनेकदा बदलले आहे, आणि क्लबचा इतिहास बऱ्याच अंशी या बदलत्या उत्तराचाही इतिहास आहे.

स्थापना आणि इंग्लिश वारसा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिल्बाओ हे लोहखनिजाचे मोठे निर्यात बंदर होते. नेर्विओन नदीच्या खाडीतून खनिज ब्रिटनला जाई आणि तेथून कोळसा, यंत्रे, अभियंते व खलाशी येत. या ब्रिटिश लोकांनी नदीकाठच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळण्यास सुरुवात केली. ‘इंग्रजांचे मैदान’ म्हणून ओळखली जाणारी ती जागा आजच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या परिसरात होती. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेले सधन बास्क घरांतील तरुणही परतताना हा खेळ सोबत घेऊन आले. क्लब आपले स्थापनावर्ष १८९८ मानतो. औपचारिक स्थापना १९०१ मध्ये झाली. नावातील ‘ॲथलेटिक’ हा शब्द स्पॅनिश नसून इंग्लिश आहे, याचे कारण या आरंभात आहे.

१९०२ मध्ये राजा तेराव्या आल्फोन्सोच्या राज्यारोहणानिमित्त माद्रिदमध्ये चषक स्पर्धा भरली. तीत ॲथलेटिक आणि बिल्बाओ फुटबॉल क्लब यांचा ‘बिस्काया’ नावाचा संयुक्त संघ उतरला आणि त्याने अंतिम सामन्यात बार्सेलोनाला २-१ असे हरवले. तो चषक आजही ॲथलेटिकच्या संग्रहालयात आहे. परंतु स्पॅनिश फुटबॉल महासंघ त्याची गणना अधिकृत विजेतेपदांत करत नाही. क्लबने नेमके किती चषक जिंकले याविषयी वेगवेगळे आकडे आढळतात, ते यामुळे. १९०३ मध्ये दोन्ही क्लबांचे विलीनीकरण झाले आणि त्याच वर्षी ॲथलेटिकने माद्रिदच्या संघाला ३-२ असे हरवून पहिला अधिकृत राजचषक मिळवला.

याच सुमारास माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी ॲथलेटिकची शाखा म्हणून एक क्लब काढला. पुढे स्वतंत्र झालेला हा क्लब म्हणजे आजचा आतलेतिको माद्रिद. आरंभी दोन्ही संघ निळा-पांढरा पोशाख वापरत. क्लबच्या परंपरेनुसार १९०९च्या अखेरीस हुआन एलोर्दुई नावाच्या सभासदाला इंग्लंडमधून नवे सदरे आणण्यास सांगण्यात आले होते. निळे-पांढरे सदरे पुरेशा संख्येने न मिळाल्याने त्याने परतीच्या वाटेवर साउदॅम्प्टन बंदरातून तेथील स्थानिक संघाचे तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे विकत घेतले. बिल्बाओ शहराच्या ध्वजाचे रंगही तांबडा आणि पांढराच असल्याने ते सर्वांना पसंत पडले. दोन्ही क्लब आजतागायत हेच पट्टे वापरतात.

‘केवळ बास्क’ धोरणाचा उगम

क्लबचे सर्वात प्रसिद्ध धोरण एखाद्या ठरावाने जन्मलेले नाही. १९११च्या राजचषकात ॲथलेटिकने इंग्लिश खेळाडू उतरवले. त्यांच्या पात्रतेवरून प्रतिस्पर्ध्यांनी तीव्र आक्षेप घेतले आणि स्पर्धा वादात सापडली. ॲथलेटिकने ती जिंकली खरी, परंतु त्यानंतर संघात परदेशी खेळाडू दिसले नाहीत. पुढे स्पेनमध्ये परदेशी खेळाडूंना पुन्हा मुभा मिळाली, तेव्हाही क्लबने ती वापरली नाही. इंग्रजांनी रुजवलेला आणि इंग्लिश नाव धारण करणारा क्लब इंग्लिश खेळाडूंवरच्या वादातून पूर्णतः स्थानिक झाला, ही या इतिहासातील एक विसंगती म्हणावी लागेल. प्रशिक्षकांच्या बाबतीत असे कोणतेही बंधन कधीच नव्हते. उलट पहिली काही दशके क्लबचे प्रशिक्षक बहुतांशी इंग्लिशच होते.

सुरुवातीला ‘स्थानिक’ म्हणजे बिस्काया प्रांतातील, असा अर्थ घेतला जाई. कालांतराने त्यात गिपुस्कोआ आणि आलावा हे शेजारचे प्रांत आले, मग नवारा आले. १९९६ मध्ये बिशेंते लिसारासू क्लबमध्ये दाखल झाला, तेव्हा फ्रान्सच्या हद्दीतील बास्क मुलुखातला पहिला खेळाडू संघात आला. सध्या क्लब आपले तत्त्व असे मांडतो : बास्क संस्कृतीच्या सात पारंपरिक प्रांतांपैकी एखाद्यात जन्मलेला, अथवा तेथील क्लबांत फुटबॉलचे शिक्षण घेतलेला खेळाडू पात्र ठरतो. म्हणजे जन्म किंवा जडणघडण यांपैकी एक पुरेसे आहे. वंशाची अट नाही.

सान मामेस आणि पिचिची

२१ ऑगस्ट १९१३ रोजी सान मामेस मैदानाचे उद्घाटन झाले. जवळच्या संत मामेसच्या प्रार्थनास्थळावरून मैदानाला हे नाव मिळाले. आख्यायिकेनुसार या संताला सिंहांपुढे टाकण्यात आले होते, पण सिंहांनी त्याला इजा केली नाही. त्यावरून ॲथलेटिकच्या खेळाडूंना ‘सिंह’ म्हटले जाऊ लागले. मैदानाला चाहते ‘कॅथेड्रल’ म्हणतात.

या मैदानावरील पहिला गोल राफाएल मोरेनो आरान्सादी याने केला. लहान चणीच्या या आघाडीपटूचे टोपणनाव ‘पिचिची’ होते. डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणाऱ्या पिचिचीचे १९२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आतच, आजाराने निधन झाले. १९२६ मध्ये मैदानात त्याचा अर्धपुतळा बसवण्यात आला. प्रथमच सान मामेसमध्ये खेळायला येणाऱ्या संघाच्या कर्णधाराने या पुतळ्यासमोर पुष्पगुच्छ ठेवण्याची प्रथा आजही पाळली जाते. ला लीगामध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यास माद्रिदचे ‘मार्का’ हे क्रीडादैनिक जो पुरस्कार देते, त्यालाही पिचिचीचेच नाव आहे.

पेंटलंडचे युग

१९२२ मध्ये आलेल्या फ्रेड पेंटलंड या इंग्लिश प्रशिक्षकाने संघाचे स्वरूप पालटले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला पेंटलंड १९१४ मध्ये प्रशिक्षणासाठी जर्मनीत गेला होता. पहिले महायुद्ध सुरू होताच तो तेथे अडकला आणि त्याला बर्लिनजवळच्या रूहलेबेन येथील नजरकैदेच्या छावणीत राहावे लागले. बिल्बाओत त्याने लांब फटके आणि धक्काबुक्की यांऐवजी छोट्या, अचूक पासवर आधारलेला खेळ शिकवला. त्याच्या डोक्यावरील गोल टोपीमुळे त्याला ‘एल बोंबिन’ म्हणत. मोठ्या विजयानंतर ती टोपी काढून घेऊन पायाखाली तुडवण्याची खेळाडूंची रीत होती, आणि त्या काळात टोप्यांचा खर्च बराच झाला असावा.

पेंटलंडच्या दुसऱ्या कारकिर्दीत (१९२९-३३) संघाने १९२९-३० आणि १९३०-३१ची लीग आणि १९३० ते १९३३ असे सलग चार राजचषक जिंकले. १९२९-३०च्या हंगामात अठरा सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. फेब्रुवारी १९३१ मध्ये सान मामेसवर बार्सेलोनाचा १२-१ असा पराभव झाला. त्यात ‘बाता’ या टोपणनावाच्या आघाडीपटूने एकट्याने सात गोल केले. बार्सेलोनाच्या इतिहासातील हा सर्वात मोठा पराभव आहे. पेंटलंड गेल्यानंतरही १९३३-३४ आणि १९३५-३६ची लीग ॲथलेटिककडेच आली. त्यातील दुसरे विजेतेपद मिळाले, त्यानंतर काही महिन्यांतच देशात यादवी युद्ध पेटले.

यादवी युद्ध आणि फ्रँकोची राजवट

जुलै १९३६ मध्ये सुरू झालेल्या युद्धामुळे लीग तीन हंगाम बंद राहिली. स्वायत्त बास्क सरकारचे पहिले अध्यक्ष होसे आंतोनिओ आगिरे हे स्वतः ॲथलेटिकचे माजी खेळाडू होते. त्यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये बास्क खेळाडूंचा एक प्रातिनिधिक संघ परदेश दौऱ्यावर पाठवण्यात आला. त्यात ॲथलेटिकचे अनेक प्रमुख खेळाडू होते. फ्रान्स, पोलंड, सोव्हिएत संघ अशा देशांत हा संघ खेळला. दौरा चालू असतानाच, १९ जून १९३७ रोजी, बिल्बाओ फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडले. परतीची वाट बंद झालेला संघ अमेरिका खंडाकडे वळला आणि १९३८-३९ मध्ये ‘एउस्कादी’ या नावाने मेक्सिकोच्या लीगमध्ये खेळला. बहुतेक खेळाडू पुढे मेक्सिको आणि अर्जेंटिनातील क्लबांत स्थिरावले. गियेर्मो गोरोस्तिसासारखे थोडे मात्र स्पेनला परतून फ्रँकोच्या बाजूस गेले.

युद्धानंतर क्लबजवळ नाव आणि मैदान उरले होते, संघ नव्हता. १९४१ मध्ये परकीय शब्दांवर बंदी घालणाऱ्या आदेशामुळे नावही बदलावे लागले आणि ‘ॲथलेटिक क्लब’चा ‘आतलेतिको बिल्बाओ’ झाला. मूळ नाव १९७०च्या दशकाच्या आरंभी परत मिळाले. बाहेरचे खेळाडू आणता येत नसल्याने आसपासच्या गावांतील पोरे जमवून नवा संघ बांधण्यात आला आणि त्याने १९४२-४३ मध्ये लीग व चषक दोन्ही जिंकून सर्वांना चकित केले. इरिओंदो, बेनान्सिओ, सारा, पानिसो आणि गाइन्सा ही या काळातील आघाडीची फळी स्पॅनिश फुटबॉलमध्ये अजूनही एका दमात उच्चारली जाते. त्यांपैकी तेल्मो सारा याने २७७ सामन्यांत २५१ गोल केले. ला लीगातील हा विक्रम सुमारे सहा दशके टिकला. २०१४ मध्ये लायोनेल मेस्सीने तो मोडला. १९५०च्या विश्वचषकात माराकाना स्टेडियमवर इंग्लंडला हरवणारा स्पेनचा एकमेव गोलही साराचाच होता.

१९५५-५६ मध्ये फर्डिनांड डाउचिक यांच्या प्रशिक्षणाखाली संघाने पुन्हा लीग आणि चषक जिंकले. पुढील हंगामात युरोपीय चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत सान मामेसवर, बर्फवृष्टीत, मँचेस्टर युनायटेडला ५-३ असे नमवले. पण परतीच्या सामन्यात ०-३ अशा पराभवाने आव्हान संपले. क्लबच्या स्मृतीत यापेक्षाही खोल रुजलेला सामना १९५८च्या राजचषकाचा अंतिम सामना होय. समोर सलग तीन वेळा युरोपीय चषक जिंकलेला रेआल माद्रिद होता आणि सामना त्यांच्याच मैदानावर होता. ॲथलेटिकने तो २-० असा जिंकला. क्लबचे तत्कालीन अध्यक्ष एन्रिके गुस्मान यांनी आपल्या संघाला उद्देशून वापरलेले ‘अकरा खेडूत’ हे शब्द तेव्हापासून या संघाला बिरुदासारखे चिकटले आहेत.

या साऱ्या काळात धोरणाचा अर्थ एकच नव्हता. राजवटीच्या समर्थक वृत्तपत्रांना परदेशी खेळाडू नसलेला हा संघ ‘अस्सल स्पॅनिश’ वाटे, तर ज्यांची भाषा सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली होती, त्या बास्क राष्ट्रवाद्यांना त्याच संघात आपली ओळख जिवंत राहिल्याचे जाणवे.

इकुरिन्या

१९६२ ते १९८० या काळात ६१४ सामने खेळलेला गोलरक्षक होसे आन्हेल इरिबार हा क्लबचा सर्वाधिक सामने खेळलेला खेळाडू आहे. फ्रँकोच्या मृत्यूनंतर सुमारे वर्षाने, ५ डिसेंबर १९७६ रोजी, सान सेबास्तियानच्या आतोचा मैदानावर रेआल सोसिएदाद आणि ॲथलेटिक यांचा सामना होता. सामन्यापूर्वी इरिबार आणि सोसिएदादचा कर्णधार इनाशिओ कोर्ताबारिया हे दोघे बास्क ध्वज, म्हणजे इकुरिन्या, मध्ये धरून मैदानात आले. या ध्वजावरील बंदी तेव्हा उठलेली नव्हती. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीने शिवलेला तो ध्वज लपवून मैदानात आणला गेला होता. पोलिसांनी हस्तक्षेप केला नाही आणि पुढच्याच महिन्यात ध्वजाला मान्यता मिळाली. सामना ॲथलेटिकने ०-५ असा गमावला, ही गोष्ट सहसा सांगायची राहून जाते.

१९७७ हे वर्ष मैदानावर हुरहुर लावणारे ठरले. युएफा चषकाच्या अंतिम फेरीत युव्हेन्टसविरुद्ध तुरिनमध्ये ०-१ असा पराभव आणि बिल्बाओत २-१ असा विजय अशी बरोबरी झाली, पण परक्या मैदानावरील गोलाच्या नियमाने चषक युव्हेन्टसला गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच राजचषकाचा अंतिम सामना रेआल बेतिसविरुद्ध लांबलेल्या पेनल्टी शूटआउटमध्ये हातून गेला. त्यातील शेवटची, वाया गेलेली पेनल्टी खुद्द इरिबारची होती.

क्लेमेंते आणि गाबारा

१९८१ मध्ये क्लबचाच माजी खेळाडू हाविएर क्लेमेंते प्रशिक्षक झाला. दुखापतीमुळे त्याचे खेळणे कोवळ्या वयातच थांबले होते. त्याचा संघ शारीरिक, झुंजार आणि बचावाला प्राधान्य देणारा होता. १९८२-८३च्या शेवटच्या दिवशी रेआल माद्रिद बालेन्सियात हरला, ॲथलेटिकने लास पाल्मासमध्ये ५-१ असा विजय मिळवला आणि सत्तावीस वर्षांनी लीग बिल्बाओत आली. खेळाडू ‘गाबारा’ नावाच्या सपाट मालवाहू नौकेवरून नेर्विओन नदीतून शहरात आले. दोन्ही काठांवर लाखोंची गर्दी होती. गोद्या आणि पोलाद कारखाने बंद पडू लागल्याने शहर मंदीच्या छायेत होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या महापुराने ते उद्ध्वस्त झाले.

१९८३-८४ मध्ये संघाने लीग राखली आणि चषकही जिंकला. परंतु या हंगामाला एक काळी किनार आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये ॲथलेटिकचा बचावपटू आंदोनी गोइकोएचेआ याच्या धडकेने बार्सेलोनाच्या दिएगो माराडोनाचा घोटा मोडला. मे १९८४ मधील चषकाच्या अंतिम सामन्यात हेच संघ समोरासमोर आले. एन्दिकाच्या एकमेव गोलाने ॲथलेटिक जिंकला आणि शिट्टी वाजताच, राजाच्या उपस्थितीत, माराडोनासह दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांवर तुटून पडले. गाबारा पुन्हा नदीत उतरली. तिसऱ्यांदा उतरण्यासाठी तिला चाळीस वर्षे वाट पाहावी लागणार होती.

लेसामा आणि बदललेली बाजारपेठ

बिल्बाओजवळच्या लेसामा येथे १९७१ मध्ये सुरू झालेले प्रशिक्षण केंद्र हा क्लबचा कणा आहे. येथील युवा संघांतून पुढे आलेले खेळाडू दूरवरही पोहोचले आहेत; बिल्बाओत जन्मलेला इकेर ग्वारोचेना हा इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाकडून खेळला.

शेजारच्या रेआल सोसिएदादनेही दीर्घकाळ असेच धोरण पाळले होते. १९८९ मध्ये त्यांनी आयर्लंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू जॉन ऑल्ड्रिज याला घेऊन ते सोडले. १९९५च्या बॉसमन निवाड्यानंतर युरोपीय क्लबांवरील परदेशी खेळाडूंची मर्यादा जवळपास नाहीशी झाली आणि ॲथलेटिक एकटा पडला. पात्र खेळाडूंचा साठा तुटपुंजा असल्याने शेजारच्या क्लबांतील होतकरू मुलांवर त्याची नजर असे. १९९५ मध्ये सोसिएदादमधील सतरा वर्षांच्या होसेबा एचेबेरियाला करारातील भरपाईची रक्कम भरून आणले गेले, तेव्हा दोन्ही क्लबांचे संबंध बिघडले. ओसासुनासह आसपासच्या क्लबांची ही तक्रार आजही कायम आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही.

१९९०च्या क्रीडा कायद्याने बहुतेक स्पॅनिश व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनी होणे भाग पाडले. सूट मिळालेल्या चार क्लबांत ॲथलेटिक होता. त्यामुळे तो आजही सभासदांच्या मालकीचा असून अध्यक्षही तेच निवडतात. २००८ पर्यंत लीगच्या सामन्यांत सदऱ्यावर जाहिरात नसे.

शताब्दीच्या १९९७-९८ हंगामात लुइस फर्नांदेस यांच्या प्रशिक्षणाखाली संघ दुसरा आला आणि चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला. त्यानंतर उतार लागला. २००६-०७ मध्ये तर घसरण अगदी दारात होती. शेवटच्या दिवशी लेवान्तेला २-० असे हरवून सतराव्या स्थानावर संघ वाचला. धोरण सोडावे काय, ही चर्चा या काळात उघडपणे झाली, परंतु त्यास बहुसंख्य सभासदांचा विरोधच राहिला.

२०११-१२ मध्ये मार्सेलो बिएल्सा या अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकाने तरुण संघाला वेगवान, आक्रमक खेळ शिकवला. युरोपा लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला दोन्ही सामन्यांत हरवून संघ अंतिम फेरीत पोहोचला. तेथे बुखारेस्टमध्ये आतलेतिको माद्रिदने, म्हणजे एके काळच्या शाखेने, त्याला ३-० असे हरवले. त्याच महिन्यात चषकाचा अंतिम सामनाही बार्सेलोनाविरुद्ध तितक्याच फरकाने गेला. पुढे मोठे क्लब खेळाडू नेऊ लागले : हावी मार्तिनेस बायर्नकडे ४ कोटी युरोंना (२०१२), एमेरिक लापोर्त मँचेस्टर सिटीकडे सुमारे ६.५ कोटींना आणि गोलरक्षक केपा चेल्सीकडे ८ कोटींना (दोन्ही २०१८). केपाची किंमत गोलरक्षकासाठी जागतिक विक्रम होती. पैसा आला, पण तो खर्च करण्याजोगे पात्र खेळाडू बाजारात मोजकेच होते.

जुने सान मामेस पाडून शेजारी बांधलेले सुमारे ५३,००० क्षमतेचे नवे स्टेडियम सप्टेंबर २०१३ मध्ये खुले झाले. जुन्या मैदानाची ओळख असलेली पोलादी कमान आता लेसामात उभी आहे. २०१५ मध्ये स्पॅनिश सुपर चषकात बार्सेलोनाला एकूण ५-१ असे हरवून क्लबने एकतीस वर्षांनी पहिला प्रमुख चषक जिंकला. त्यात आरित्स आदुरिसने पहिल्या सामन्यात तीन गोल केले.

विल्यम्स बंधू आणि २०२४चा चषक

इन्याकी विल्यम्सचे आईवडील घानातून सहारा वाळवंट ओलांडून स्पेनमध्ये आले. इन्याकीचा जन्म बिल्बाओत झाला आणि धाकटा भाऊ निकोचा नवारातील पाम्प्लोनात. २०११ मध्ये जोनास रामाल्यो हा ॲथलेटिककडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला होता. २०१५ मध्ये इन्याकी क्लबसाठी गोल करणारा पहिला ठरला. २०१६ ते २०२३ या काळात त्याने एकही न चुकवता लीगचे सलग २५१ सामने खेळून विक्रम केला आणि पुढे तो कर्णधारही झाला. जन्माने बास्क मुलुखातले आणि वंशाने आफ्रिकी असलेले खेळाडू संघाचा चेहरा होणे, ही धोरणाच्या अर्थातील सर्वात मोठी वाढ म्हणता येईल. या बदलाला फार वेळ लागला, अशी टीकाही झाली आहे.

एप्रिल २०२१ मध्ये दोन आठवड्यांत चषकाचे दोन अंतिम सामने गमवण्याची वेळ क्लबवर आली : साथीमुळे लांबलेला २०२०चा रेआल सोसिएदादविरुद्ध आणि त्या वर्षीचा बार्सेलोनाविरुद्ध. अखेर ६ एप्रिल २०२४ रोजी सेवियात मायोर्काविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा सुटल्यावर ॲथलेटिकने पेनल्टी शूटआउट ४-२ असे जिंकले. निर्णायक पेनल्टी आलेक्स बेरेंगेरने मारली. प्रशिक्षक एर्नेस्तो बाल्वेर्दे होते. १९८४ नंतर प्रथमच राजचषक बिल्बाओत आला आणि गाबारा पुन्हा नेर्विओनमध्ये उतरली. २०२४-२५ मध्ये संघ युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून हरला, पण लीगमध्ये चौथा येऊन चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला. २०२५च्या उन्हाळ्यात बार्सेलोनाची उत्सुकता असतानाही निको विल्यम्सने क्लबशी २०३५ पर्यंतचा करार केला आणि लापोर्तही परत आला.

महिला संघ

महिला संघ २००२ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या तीन हंगामांत सलग लीग विजेता ठरला. त्यानंतर २००६-०७ आणि २०१५-१६ मध्येही त्याने विजेतेपद मिळवले. हा संघही बास्क खेळाडूंचाच असतो. जानेवारी २०१९ मध्ये आतलेतिको माद्रिदविरुद्धचा राणीचषकाचा सामना पाहण्यासाठी सान मामेसवर ४८,१२१ प्रेक्षक आले होते.